गाडीच्या अंगात आलेली मडम

काकासाहेबांच्या वस्तीवर त्या सकाळी कारखान्याला जायच्या उसाच्या चार बैलगाड्या भरून तशाच उभ्या होत्या. गाडीवान बैल सोडून अंगणात गेले होते. सालगडी, त्यांच्या बायका, शेजारच्या तीन वस्त्यांवरची माणसं, टपालवाला आणि चुकून तिथं आलेला एक कल्हईवाला, असे सगळे एका लाल मोटारीभोवती दाटीवाटीनं उभे होते.

मोटार दोनच माणसांची. बेडकासारखी बसकी, वर कापडाचं छप्पर, तेही मागं दुमडलेलं. मुंबईत कुठल्याशा कंपनीच्या गोऱ्या साहेबाची होती. साहेब विलायतेला परत गेला आणि काकासाहेबांच्या रंगनाथनं ती जुनी म्हणून विकत आणली. एकाहत्तर साल होतं. कोपरगावपासून पुणतांब्यापर्यंत असली मोटार कुणी पाहिली नव्हती. पण ही गर्दी मोटार बघायला जमलेली नव्हती. मोटारीच्या अंगात येतं, ते बघायला जमली होती.

बानेटवर पाण्यानं भरलेला पितळी पेला ठेवला होता. रंगनाथनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पेल्यातलं पाणी नुसतं शहारलं.

"बगा," मठावरचे देवऋषी सहादेवबाबा म्हणाले, "मालक बसला, मडम गप. आता सूनबाई बसंल."

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, पेला उचलून बानेट उघडलं, कमरेची काजळाची डबी काढली आणि "सूनबाईच्या जिवाला धोका नको" म्हणत आत वाकून इंजिनाला तीट लावली. मंत्र पुटपुटले. भूत विलायती असल्यामुळं मंत्रात 'कमान', 'ठैरो', 'ऑल राइट' असे शब्द होते. बाबांचा चेला छगन पूर्वी मालट्रकवर क्लिनर होता, ही विद्या त्याच्याकडून आली असावी.

पेला परत जागेवर गेला. तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली चांगुणा रंगनाथशेजारी जाऊन बसली. किल्ली फिरली, आणि मोटार थडथडायला लागली. काच थरथरली, आरसा लटपटला, दारं वाजू लागली. पेला बानेटवरून चालत चालत कडेला आला आणि खाली पडला.

बाया मागं सरकल्या. लंकाबाईनं, म्हणजे चांगुणाच्या सासूनं, पदर तोंडाला लावला.

चांगुणाला उतरवलं. बाबांनी पुन्हा बानेट उघडलं, भगव्या फडक्यानं "मडमेला पुसून" काढलं. मोटार पुन्हा सुरू केली तर गरीब गाईसारखी उभी.

"साहेबाची पैली बायकू हाय ती," बाबा सांगू लागले. "ह्याच गाडीत मेली. आता तिला सूनबाईचं अंग पसंत पडलंय. साधंसुधं भूत न्हाई, लिंबू हुंगून बी बगनार न्हाई. बिस्कुटाचा पुडा आना, पाव आना, अमूलचं लोनी आना."

"अंडी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"दोन. उकडलेली."

अमावास्या परवावर आली होती. भर दुपारी बारा वाजता चांगुणाला मोटारीत बांधायचं, सुक्या मिरच्यांची धुरी द्यायची, मडम सोडीपर्यंत निरगुडीच्या फोकानं झोडायचं आणि मग मोटार बाबांच्या मठाला वाहायची, असा उपाय ठरला. दुपारीच का, तर साहेब लोकांची भुतं रात्री वेळेवर झोपतात.

गर्दीच्या मागं, हातात काळ्या रबराचा ठोकळा धरून, पंचेचाळिशीची एक बाई उभी होती. ती मोटारीकडं बघत नव्हती. मान कलती करून ऐकत होती. थडथडीत एक ताल होता, आणि चार ठोक्यांतला एक ठोका गळत होता. या बाईचं नाव फिलोमिना. पुणतांब्याच्या रस्त्याला तिची पत्र्याची शेड होती. नवरा थॉमस मिशनची जीप चालवायचा आणि शेडमध्ये इंजिनं दुरुस्त करायचा. त्याला पाने देता देता ती शिकली, आणि तो वारल्यावर लोकांनी विहिरीवरची इंजिनं तिच्याकडंच आणणं चालू ठेवलं. तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत.

मडमेला या वस्तीवर आणणारी खरं तर तीच होती.

आठ दिवसांपूर्वी रंगनाथ मोटार घेऊन शेडवर आला होता. मोटार तेव्हा अशी थडथडत नव्हती. नुसता एक बारीक गुणगुणाट पायांतून वर यायचा. फिलोमिना खाली सरपटत गेली, इंजिन ज्यावर टेकतं ते एक रबर पिचलेलं बघितलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "गाडी घुमतीया जरा. नगरहून रबर आनते, मग बसवू."

मिस्त्री लोकांत इंजिन घुमतं, तसंच विहिरीवरचं चाक घुमतं, पारवा घुमतो. पण घरी लंकाबाईनं विचारलं, "काय म्हनली मिस्त्रीनबाई?" आणि रंगनाथनं सरळ सांगितलं, "घुमतीया म्हनली." लंकाबाईच्या कानाला घुमणं एकच ठाऊक. केस मोकळे सोडून, डोळे फिरवून, अंगात येऊन घुमणं. तिनं त्याच संध्याकाळी सहादेवबाबांना बोलावणं धाडलं. बाबांनी आल्या आल्या तीट लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून मोटार खरोखरच थडथडायला लागली. तीट सूनबाईमुळंच लावावी लागते, तेव्हा थडथडही सूनबाईमुळंच. सूनबाई बाबांच्या पाया पडली नव्हती, हा भाग निराळा.

फिलोमिनानं हे सगळं गर्दीतच शेजारच्या बाईकडून ऐकलं. आपला एक शब्द कुठं जाऊन पोचला, हे कळल्यावर ती रबराचं विसरून सहादेवबाबांकडं बघू लागली.

कारण तोच शब्द, त्याच माणसाच्या तोंडून, तिनं पंधरा वर्षांपूर्वी ऐकला होता.

तिची धाकटी बहीण दया. सतरा वर्षांची. तिला फेफरं यायचं. बाप यशया चर्चला नेमानं जाणारा माणूस, पण रात्रंदिवस पोरीला झटके यायला लागल्यावर येशू आणि देवऋषी यांच्यात निवड करायचं भान त्याला उरलं नाही. तो तिला सहादेवकडं घेऊन गेला. तेव्हा त्याचा बाबा व्हायचा होता. त्यानं पोरीकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "घुमतीया." मिरच्यांची धुरी, निरगुडीचा फोक, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दया गप झाली. सहादेव म्हणाला, "भूत गेलं, जाताना पोरीला घेऊन गेलं." फिलोमिना दाराशी उभी होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं.

अंगणातल्या त्या गर्दीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ आणि चांगुणा शेडवर आले. पेट्रोल आणायला जातो म्हणून निघाले होते.

चांगुणा खाली बसली नाही. "मावशी," ती म्हणाली, "मी म्याट्रिकपर्यंत शिकलीया. मला म्हाईत हाय माझ्यात कोन न्हाई. पन उद्या धा जनी माझे हात धरतील, तवा ते कुनाला सांगू?"

फिलोमिनानं रंगनाथकडं बघितलं. "आन तू काय करनार उद्या?"

रंगनाथ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. "आईपुढं माझं काय चालतंय, मावशी."

"मोटार आनताना चाललं की. चालू कर ती."

आदल्या दिवशी निघताना बाबांनी 'रातभर राखण राहावी' म्हणून पुन्हा तीट लावली होती. मोटार तशीच थडथडत उभी राहिली. फिलोमिनानं बानेट उघडलं.

"आता दोघं बी नीट ऐका. ह्या इंजिनाला चार घरं. हरेक घरात पेट्रोल पेटवायला एक प्लग, त्याच्या डोस्क्यावर एक तार. चौघं मिळून वडत्यात तवा गाडी गुमान चालती. चार भोई पालखी न्हेतात आन एक जन मदीच खांदा काडतो, तवा काय हुतं?"

"पालखी हलती," चांगुणा म्हणाली.

"मग बगू कोनी खांदा काडलाय."

तिनं रबरी मूठ असलेल्या पकडीनं पहिली तार उपसली. इंजिन आणखी गचकलं. ती लावली, दुसरी उपसली. पुन्हा गचकलं. तिसरी उपसली, आणि काहीच फरक पडला नाही. मोटार जशी थडथडत होती तशीच थडथडत राहिली.

"हा कामचुकार," ती म्हणाली. "ह्याची तार काडली काय आन ठिवली काय, ह्यो कामच करत न्हाई."

इंजिन बंद करून तिनं प्लगकडं निरखून बघितलं. प्लगला पांढऱ्या चिनी मातीची मान असते. ती मान असते यासाठी, की तारेतून आलेली वीज खाली जावी, बाहेरच्या लोखंडात पळू नये. त्या पांढऱ्या मानेवर वरपासून खालपर्यंत काजळाचा जाड ओघळ होता. तिनं पेट्रोलच्या चिंधीनं तो पुसला. मोटार सुरू केली. पेल्यातलं पाणी नुसतं शहारलं असतं.

रंगनाथनं किल्लीवरचा हात मागं घेतला. "काजळानं?"

"थांब. घाई करू नगं. काजळानं का कशानं, ते अजून ठरायचंय." ती शेडमागच्या घरातून स्वतःची काजळाची डबी घेऊन आली. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं साधं काजळ. तसाच जाड ओघळ त्याच मानेवर ओढला. मोटार सुरू केली. एकदोनदा अडखळली आणि नीट चालू राहिली.

मग तिनं मोटारीच्या काचेवर बाबांनी लावलेली रुपयाएवढी तीट नखानं खरवडली. बोटात चोळली. काजळ मऊ असतं. हे कचकचत होतं. साधं काजळ पुसून टाकून तिनं हे लावलं. किल्ली फिरली, आणि मडम परत आली.

"बॅटरीच्या शेलात काळी कांडी अस्ती न्हाई का, तिची पूड हाय ह्याच्यात," फिलोमिना म्हणाली. "तिच्यातून वीज वाट काडती. प्लगात ठिनगी पडायच्या आदीच वीज भाईरच्या भाईर पसार. क्लिनरचं डोस्कं हाय हे. छगनचं."

चांगुणा पहिल्यांदा शेडमधल्या डब्यावर टेकली. "मग आत्ताच सांगू या आत्याबाईंना. चला."

फिलोमिना चिंधीनं हात पुसत राहिली. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"सांगितलंस तर त्या म्हनतील, मिस्त्रीनबाईनं करनी केली. बाबा म्हनंल, मडम रुसून बसली. आन पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात दुसरी पोरगी धुरीवर बसंल." तिनं चिंधी बाजूला टाकली. "आन खोटं कशाला बोलू. मला त्यो मानूस पायजे. पंदरा वर्सं पायजे. उद्या तुज्या अंगाला बोट लागू देनार न्हाई, येवढा माझ्यावर इस्वास ठिव."

चांगुणानं तिच्याकडं बघितलं. "ठिवला," ती म्हणाली.

फिलोमिनानं नवं रबर बसवलं आणि तीट पुन्हा होती तशी लावून दिली. थोडी खरवड तिनं काडेपेटीत भरून ठेवली.

अमावास्येला दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेगडीत निखारे फुलले होते, शेजारी मिरच्यांनी भरलेलं सूप, निरगुडीचे हिरवे फोक. बिस्किटांचा पुडा, पाव, लोणी आणि दोन अंडी पाटावर मांडली होती. छगनचं लक्ष अंड्यांवर होतं. बाबांनी बानेटखाली फडकं फिरवून "मडमेला घटकाभर बाजूला" केलं. मग चांगुणाला पुढं आणायची खूण केली.

तेव्हा फिलोमिना डोक्यावरून पदर घेऊन पुढं आली.

"बाबा, लहान तोंडी मोठा घास घेती. मडम आमच्या धर्माची. आमच्यातल्या बाईच्या हातची तीट तिला चालंल, लौकर बधंल. तुमी गाडीत बसा, गाडी मठाचीच व्हनार हाय. तुमच्या धाकानं ती गप ऱ्हाईल, मी तीट लावते, मग सूनबाईला बसवा."

बाबांनी लाल मोटारीकडं बघितलं. तिच्यात बसायची संधी अजून त्यांना मिळाली नव्हती. "बाई शहानी हाय," ते म्हणाले, आणि धोतर सावरत आत शिरले. स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवला. एकदा शिंगही वाजवून बघितलं.

छगननं अंड्यांवरची नजर काढून बानेटकडं बघितलं, पण तोवर फिलोमिना आत वाकली होती. काडेपेटीतलं काजळ तिसऱ्या प्लगच्या मानेवर ओढायला एका श्वासाचा वेळ लागला. तिनं बानेट लावलं. रंगनाथनं बाहेरूनच वाकून किल्ली फिरवली.

मोटार थडथडली. काच, आरसा, दारं आणि आत बसलेले सहादेवबाबा, जटांपासून पोटापर्यंत.

 फिलोमिना शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्यातच आली की वो."

सगळ्यांत आधी उठली लंकाबाई. तिची श्रद्धा खरी होती, त्यामुळं तिच्याकडं दयामाया नव्हती. "अगं बाई, बाबांना धरलं तिनं. गोरक्षनाथा, बाबांचे हात धर. उतरू देऊ नगं, उतरलं की भूत लपतंय, बाबांनीच सांगितलंय." गोरक्षनाथ हा सालगडी, उसाची मोळी एका हातानं फेकणारा. त्यानं बाबांचे दोन्ही दंड मागून धरले. लंकाबाईनं ओंजळभर मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या आणि शेगडी मोटारीच्या दाराशी आणली.

"मी बाबा हाय," बाबा खोकत म्हणाले. "माझ्यात न्हाई ती."

"मडम असंच म्हनती," लंकाबाई म्हणाली. "तुमीच सांगितलं. ती लई लबाड, न्हाई न्हाई म्हनंल, ऐकू नगा." आणि फोक उचलला.

पहिला फोक बसला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. दुसरा बसला. फिलोमिना दोन हात अंतरावर उभी होती. तिला शेगडी बाजूला करता आली असती. तिनं केली नाही. दयाला किती बसले होते ते तिला ठाऊक नव्हतं. दाराबाहेरून तिला नुसता आवाज ऐकू आला होता.

तिसऱ्याला बाबा ओरडले, "मडम न्हाई, काजळ हाय. बाई, त्ये काजळ पूस. छगन, सांग ह्यांना, शेलाची पूड हाय, मडम-बिडम कुनी न्हाई."

लंकाबाईचा हात वरच राहिला. फिलोमिनानं तेव्हा शेगडी ओढून लांब नेली. इंजिन बंद करायला लावून बानेट उघडलं, तिसरी मान पुसली, आणि सगळ्यांना दिसेल असं फडकं वर धरलं. किल्ली पुन्हा फिरली, तर मोटार निमूट उभी. मग तिनं कल्हईवाल्याला पुढं बोलावलं, त्याच्याच हातानं काजळ लावलं आणि पुसलं. दोनदा. कल्हईवाल्याच्या अंगात काही नव्हतं, हे सगळ्यांना मान्य होतं.

मग ती बाबांच्या तोंडाशी वाकली. "पुनतांब्याच्या यशयाची दया. तिच्या कंच्या प्लगाला काजळ हुतं?"

बाबांनी लाल डोळे तिच्यावर लावले. आठवायचा खरंच प्रयत्न केला. "कोन दया?" ते म्हणाले.

काकासाहेब इतका वेळ ओट्यावर बसून होते. ते काठी घेऊन खाली आले, आणि त्यांच्यामागं दहाजण. फिलोमिना आडवी आली.

"आता ह्याला मारू नगा. मार खाऊन मेला तर ह्याची समाधी बांधाल आन जत्रा भरवाल. ह्यानं जितक्या घरी धुरी दिली तितक्या घरी ह्याला चालवा. हितं बोलला त्येच तितं बोलू द्या. छगनला सगळी घरं पाठ असतील."

छगनला होती. बारा घरं निघाली. लंकाबाईनं निखाऱ्यावरच्या जळक्या मिरच्या झटकल्या, शेगडीवर चहाचं आधण ठेवलं आणि पहिला कप सुनेपुढं नेऊन धरला. माफी मागायची तिला सवय नव्हती. चांगुणानं कप घेतला, पण लगेच प्यायली नाही.

बारांतलं पहिलं घर यशयाचं होतं.

म्हातारा बाजेवर बसला होता. माणसांचा घोळका दारात थांबला. गोरक्षनाथनं ढकललं, तेव्हा सहादेव म्हणाला, "तुमच्या पोरीत भूत नव्हतं. तिला काय झालतं ते मला म्हाईत न्हाई. मी खोटं बोललो."

फिलोमिनानं या वाक्यासाठी पंधरा वर्षं काढली होती. ते बापाच्या कानावर पडावं, एवढीच तिची मागणी होती. बापानं ते ऐकलं, आणि त्याचा चेहरा कसा झाला ते तिनं बघितलं. हे वाक्य सहादेवला लागेल असं ती धरून चालली होती. त्याला फोकच तेवढे लागले होते.

"मिशनचा दवाखाना हितनं दोन फर्लांग," यशया म्हणाला. "डाक्टरीनबाईला नुसतं इचारायला गेलो अस्तो तरी झालं अस्तं. म्या न्हाई गेलो." मग सहादेवकडं न बघताच म्हणाला, "तू खोटं बोललास, खरं हाय. पन फोक बसताना पोरीचे हात म्या धरले हुते."

फिलोमिना त्याच्या शेजारी बाजेवर बसली. त्याचा हात हातात घेतला. सहादेवला तिनं त्या दिवशी माफ केलं नाही आणि पुढंही केलं नाही. मग तिनं गोरक्षनाथला सांगितलं, "न्या त्याला. अजून अकरा घरं हायती."

वाचणाऱ्यांनो, त्या अकरा घरांत काय झालं ते मी लिहीत नाही. तुमच्या ओळखीतच असं एखादं घर असेल. मोटार असो की माणूस, जे थरथरतं त्याला थरथरायला कारण असतं, आणि ते शोधणारं कुणीतरी दोन फर्लांगांवर बसलेलं असतं. तिथवर चालत जा. विचारा. कुणी सांगितलं म्हणून कुणाचे हात धरायच्या आधी विचारा.